काडेपेटी ते मोबाइल: शास्त्रीय विचार शिकवणाऱ्या खेळांचा महाराष्ट्रातील प्रवास

दोलकाचा कालावधी दोरीच्या लांबीवर अवलंबून असतो, हे वाक्य पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला विज्ञानाचा एक निष्कर्ष माहीत असतो. दोरीची लांबी, गोळ्याचे वजन आणि झोका किती लांबून सोडला हे अंतर, या तिन्हींपैकी नेमक्या कशाने फरक पडतो हे शोधायचे, तर एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि बाकीच्या दोन तशाच ठेवाव्यात, हे ज्याला सुचते तो शास्त्रीय विचार करू लागलेला असतो. १९९९ मध्ये झे चेन आणि डेव्हिड क्लार या संशोधकांनी सात ते दहा वर्षांच्या मुलांवर केलेल्या अभ्यासात असे दिसले, की बहुतेक मुलांना ही युक्ती आपली आपण सापडत नाही. पण नीट शिकवली तर ती येते आणि नव्या प्रश्नाला लावताही येते. पाठांतराने मात्र ती येत नाही. ती येण्यासाठी अंदाज बांधावा लागतो, तो चुकावा लागतो आणि चुकल्यावर पुन्हा बांधण्याची मुभा असावी लागते. शाळेच्या परीक्षेत ही मुभा नसते, खेळात असते. विज्ञानशिक्षणाच्या सुधारणेचा विचार करणारे लोक वारंवार खेळाकडे वळले ते यामुळेच.

अर्थात शिकवण देणारा प्रत्येक खेळ या कामाचा नसतो. महाराष्ट्रात मोक्षपट हा खेळ जुना आहे. त्याचे श्रेय लोकपरंपरा संत ज्ञानेश्वरांना देते, त्याला समकालीन पुरावा नाही. मात्र मराठी मजकूर लिहिलेले जुने पट उपलब्ध आहेत. सद्गुणाच्या घरातून शिडी वर जाते, दुर्गुणाच्या घरात साप गिळतो. शिकवण स्पष्ट आहे, पण सोंगटी कुठे पडणार हे दान ठरवते. खेळणाऱ्याला अंदाज करायला किंवा तो तपासायला जागाच नाही. मोक्षपट नीती सांगतो, शोध घ्यायला लावत नाही. पुढे पडद्यावर आलेल्या शेकडो ‘शैक्षणिक खेळां’ची जातकुळी हीच होती, म्हणून हा भेद आधीच लक्षात घेणे बरे.

शोध घ्यायला लावणाऱ्या खेळांची परंपरा महाराष्ट्रात बालशिक्षणातून सुरू झाली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील (आताच्या पालघर जिल्ह्यातील) बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्राचे काम उभे केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने आदिवासी पाड्यांना परवडणारी नव्हती. त्यांच्या जागी बिया, शिंपले, पाने आणि खडे आले. वर्गीकरण करणे, क्रम लावणे, साम्य-फरक ओळखणे ही शास्त्रीय विचाराची पहिली पायरी अशा रीतीने बिनपैशाच्या खेळातून घडत होती.

विज्ञानाच्या तासाला हीच दृष्टी लावण्याचा मोठा प्रयत्न १९७२ मध्ये शेजारच्या मध्य प्रदेशात झाला. होशंगाबाद जिल्ह्यातील १६ उच्च प्राथमिक शाळांत ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ आणि ‘किशोर भारती’ या संस्थांनी प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम सुरू केला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञही त्यात होते. चार-चार मुलांचे गट प्रयोग करीत, निरीक्षणे फळ्यावर मांडत आणि प्रत्येक गटाचे माप थोडे वेगळे का आले यावर वाद घालत. परीक्षेला पुस्तक उघडे ठेवण्याची परवानगी होती. १९७८ मध्ये हा कार्यक्रम साऱ्या जिल्ह्यात पसरला, १९८२ मध्ये त्यातून ‘एकलव्य’ ही संस्था निघाली आणि २००२ मध्ये राज्य सरकारने तो बंद केला.

१९७८ मध्येच अरविंद गुप्ता हा तरुण अभियंता पुण्यातील टेल्कोतून रजा घेऊन होशंगाबादला गेला. तिथल्या आठवडी बाजारात मिळणाऱ्या सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगकाड्या जोडून त्याने त्रिकोण, चौकोन, घन आणि मनोरे बनवले. चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण कलत नाही. घराच्या छपराला आणि पुलाला त्रिकोणी कैच्या का असतात याचे उत्तर मुलांच्या बोटांना मिळे. गुप्ता पुढे २००३ ते २०१४ या काळात पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत होते. पु. ल. देशपांडे कुटुंबाच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या ‘पुलस्त्य’ या वास्तूत ही शोधिका चालते. तेथे तयार झालेल्या खेळण्यांच्या छोट्या चित्रफिती मराठीसह अनेक भाषांत इंटरनेटवर आल्या. २०१८ मध्ये गुप्ता यांना पद्मश्री मिळाली. काडेपेटीची परंपरा आणि पडद्याची परंपरा यांची गाठ पडली ती इथे, आणि स्मार्टफोन घरोघर पोचण्याच्या कितीतरी आधी.

महाराष्ट्रातील संस्थात्मक पाया १९७४ मध्ये घातला गेला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापन केले आणि वि. गो. कुलकर्णी यांनी त्याचे नेतृत्व केले. केंद्राचे सुरुवातीचे क्षेत्रकार्य जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील खेड्यांच्या शाळांत झाले. तेथे पुढे आलेली गोष्ट साधी, पण डोळे उघडणारी होती: पुष्कळ मुले विज्ञानात अडत नव्हती, पाठ्यपुस्तकाच्या मराठीत अडत होती. वाक्ये सोपी केली की तीच मुले तोच विषय समजून घेत. पुढे इंग्रजी खेळांचे मराठीकरण करताना केवळ बटणांवरचे शब्द बदलून भागत नाही, याची ही पूर्वसूचनाच म्हणावी लागेल. याच दशकात, १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने, शास्त्रीय दृष्टिकोन बाळगणे हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य म्हणून संविधानाच्या कलम ५१ (क) मध्ये नोंदवले गेले.

असे प्रयोग जिथे पोचले नाहीत त्या भागाचे उदाहरण म्हणून मराठवाड्यातील परभणी जिल्ह्यात या काळात काय होते, हेही पाहायला हवे. सेलू तालुक्यातील देवगाव फाटा हे जालना-जिंतूर मार्गावरचे, सेलूकडे वळणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी वसलेले ठिकाण. हा सारा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. संस्थानात उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते, त्यामुळे मराठीतून विज्ञान शिकण्याची वाट इथे पश्चिम महाराष्ट्रापेक्षा उशिरा रुळली. होशंगाबादचा कार्यक्रम सुरू झाला त्याच वर्षी, १९७२ मध्ये, परभणीला मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. एकाच जमिनीचे सारखे वाफे पाडायचे, बी तेच ठेवायचे आणि खत तेवढे बदलून पाहायचे, ही कृषी संशोधनाची रीत म्हणजे वर सांगितलेल्या दोलकाच्या युक्तीचेच शेतातले रूप. जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला ती परकी नव्हती. शाळेच्या विज्ञानाशी मात्र तिची सांगड कुणी फारशी घातली नाही.

पडदा शिक्षणात आला तो दूरदर्शनच्या रूपाने. २७ जानेवारी १९८४ रोजी पुण्यात ‘बालचित्रवाणी’ ही राज्याची संस्था सुरू झाली आणि तिचे मराठी शैक्षणिक कार्यक्रम दूरदर्शनवरून प्रसारित होऊ लागले. कार्यक्रम चांगले असत. पण पाहणारे मूल त्यात काही बदलू शकत नसे. निधीअभावी रखडत गेलेली ही संस्था २०१७ मध्ये बंद झाली. १९८४-८५ मध्येच केंद्र सरकारने ‘क्लास’ या योजनेखाली निवडक शाळांना बीबीसी मायक्रो संगणक दिले. संगणक म्हणजे कुलूपबंद खोली आणि बाहेर काढलेल्या चपला, अशी तेव्हाच्या पिढीची आठवण असते. खुडबूड करून पाहण्याची ती जागा नव्हती.

त्या खुडबुडीचे तत्त्वज्ञान सीमोर पॅपर्ट यांनी मांडले होते. अमेरिकेतील एमआयटीचे पॅपर्ट आणि ‘बीबीएन’ या कंपनीतील त्यांचे सहकारी यांनी १९६७ मध्ये मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा तयार केली. पडद्यावरील कासवाला ‘पुढे जा’, ‘वळ’ अशा आज्ञा द्यायच्या आणि ते चित्र काढते. चौकोन हवा असताना भलतेच काही उमटले, तर आज्ञांत कुठे गफलत झाली ते शोधायचे. उत्तर बरोबर की चूक असा निवाडा देण्याऐवजी ‘हे दुरुस्त कसे होईल’ असा प्रश्न मुलापुढे ठेवणे, हे पॅपर्ट यांचे मोठे योगदान. हे कासव महाराष्ट्रात एका अनपेक्षित ठिकाणी पोचले. २००७ मध्ये ‘एका मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक मोहिमेतील भारतातला पहिला प्रयोग रायगड जिल्ह्यातील खैराट-धनगरवाडा येथील शाळेत झाला. हिरव्या-पांढऱ्या छोट्या संगणकात कासवाच्या आज्ञांचा खेळ होता, कॅमेरा होता, ध्वनिमुद्रण होते. प्रयोग गाजला, पाहुणे आले. सरकारने मात्र ही योजना देशभर राबवण्याचे टाळले, आणि खैराट हे नाव शोधनिबंधांपुरते उरले.

दरम्यान मोबाइल हातोहाती येऊ लागला होता. १९९७ च्या नोकिया ६११० मध्ये आलेला सापाचा खेळ हा अनेकांच्या लेखी मोबाइलवरचा पहिलाच खेळ. भारतात मोबाइल खेळातून काही शिकवण्याचा लक्षणीय प्रयत्न १ डिसेंबर २००५ रोजी झाला: ‘फ्रीडम एचआयव्ही/एड्स’ या उपक्रमात साध्या फोनवर चालणारे चार खेळ आले. त्यांपैकी ‘सेफ्टी क्रिकेट’मध्ये सुरक्षित वर्तनाच्या चेंडूंवर धावा मिळत. आशय आरोग्याचा, हेतू उत्तम, पण घडण मोक्षपटाचीच: सद्गुणाला बक्षीस, दुर्गुणाला दंड.

दुसरी घडण त्याच सुमारास एमआयटीत तयार होत होती. एरिक क्लॉफर आणि कर्ट स्क्वायर यांच्या ‘एन्व्हायर्नमेंटल डिटेक्टिव्हज’ या खेळात विद्यार्थी जीपीएस असलेला हातातला संगणक घेऊन आवारात हिंडत. भूजलात विषारी रसायन मिसळले आहे. कुठे विहीर खणून नमुना घ्यायचा, कुणाला विचारायचे, वेळ संपण्याआधी उगम कसा शोधायचा, हे त्यांनीच ठरवायचे. इथे दान पडत नाही, पुरावा गोळा होतो. २००८ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाने प्रथिनांच्या घड्या सोडवण्याचा ‘फोल्डिट’ हा खेळ आणला. २०११ मध्ये त्याच्या खेळाडूंनी माकडांतील एका विषाणूच्या विकराची रचना तीन आठवड्यांत उलगडून दाखवली. शास्त्रज्ञांना ती कित्येक वर्षे चकवत होती. खेळणारे बहुतेक जण जीवशास्त्रज्ञ नव्हते.

एमआयटीचा हा धागा मुंबईत येऊन मिळाला. २०१५ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्था, एमआयटी आणि टाटा ट्रस्ट यांनी ‘क्लिक्स’ हा उपक्रम सुरू केला. क्लॉफर त्यात होते आणि होमी भाभा केंद्रही सहभागी होते. चौकोनांच्या गुणधर्मांवरून अचूक प्रश्न विचारत हवा तो चौकोन हुडकण्याचा ‘पोलीस क्वाड’ हा खेळ, चंद्राच्या कलांचा मागोवा घेणारे ‘अ‍ॅस्ट्रोमर’ हे साधन, कासवाच्या आज्ञांचे ठोकळे, असे बरेच काही त्यात होते. मुले दोघे-तिघे मिळून बसत, कारण बोलत बोलत खेळण्यावर भर होता. हा उपक्रम मुंबईत आखला गेला, पण राबवला गेला छत्तीसगड, मिझोराम, राजस्थान आणि तेलंगणात. महाराष्ट्र त्या यादीत नव्हता.

महाराष्ट्रात तेव्हा वेगळे वारे होते. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील पष्टेपाडा येथील जिल्हा परिषद शाळेने टॅबलेटवर शिकवण्याचा पायंडा पाडला आणि गावोगावचे शिक्षक ती पाहायला गेले. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमध्ये, मुलाने ज्ञान स्वतः घडवावे असे मानणाऱ्या ज्ञानरचनावादाने शाळांची फरशीसुद्धा शैक्षणिक साधन बनवली. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला आणि लोकवर्गणीतून ‘डिजिटल शाळा’ उभ्या राहण्याची चढाओढ लागली. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकावर क्यूआर कोड छापून त्याला कविता, चित्रफिती आणि प्रश्न जोडले. बालभारतीच्या पुस्तकांनीही पुढे ही पद्धत स्वीकारली, आणि २०२० मध्ये डिसले यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले. शिक्षकांची ही चळवळ खरी आणि जिवंत होती. तिने तयार केलेल्या सामग्रीत मात्र प्रश्नमंजूषा फार आणि शोध घ्यायला लावणारे खेळ थोडे, हे मान्य करावे लागते. प्रश्नमंजूषा एका दुपारी तयार होते; ज्यात नियम दडलेला आहे आणि तो मुलानेच शोधायचा आहे, असा खेळ घडवायला प्रोग्रामर, विषयतज्ज्ञ, चित्रकार आणि महिनोन् महिने चाचण्या लागतात. एकट्या शिक्षकाच्या आवाक्यातले ते काम नाही.

बोर्डी, खिरोदा, खैराट, पष्टेपाडा, परितेवाडी: या नामावळीत मराठवाड्यातले एकही गाव नाही. प्रयोग जिथे कार्यकर्ता, संस्था किंवा धडपड्या शिक्षक असतो तिथे होतात. देवगाव फाट्यासारख्या ठिकाणी, जिथे एसटी थांबते पण प्रकल्प थांबत नाही, तिथे बदल आला तो निवड करून आलेला नव्हता. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली, डेटाचे दर कोसळले, आणि रस्त्यालगतच्या वस्त्यांत स्मार्टफोन आपोआप शिरला. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागातील शाळकरी मुलांपैकी २०१८ मध्ये ३६.५ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०२० मध्ये हे प्रमाण ६१.८ टक्के झाले.

मधल्या काळात कोविडची टाळेबंदी आली होती. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने एप्रिल २०२० मध्ये ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवायला सुरुवात केली. परभणीला लागून असलेल्या बीड जिल्ह्यात पुण्याच्या ‘वोपा’ संस्थेने जिल्हा परिषदेबरोबर ‘व्ही-स्कूल’ हे मोफत, जाहिरातमुक्त मराठी अ‍ॅप उभे केले. मराठवाड्याच्या भूमीतून राज्यभर गेलेला या क्षेत्रातला हा ठळक प्रयत्न. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची ‘टिलीमिली’ मालिका २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर आली आणि घरात-अंगणात करून पाहण्याचे उपक्रम देऊ लागली. नोव्हेंबरमध्ये आलेली ‘स्वाध्याय’ योजना दर आठवड्याला व्हॉट्सअ‍ॅपवर बहुपर्यायी प्रश्न पाठवी. शास्त्रीय विचाराच्या दृष्टीने पाहिले, तर या सगळ्यांत सर्वांत जुन्या माध्यमातली ‘टिलीमिली’ सर्वांत पुढे होती, हा थोडा गमतीचा भाग. तिच्यात मुलाला उठून काहीतरी करून पाहावे लागे. आणि फोन घरात असणे म्हणजे तो मुलाच्या हातात असणे नव्हे. तो दिवसभर कमावत्या माणसाच्या खिशात असतो. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबात तर सहा-सहा महिने गावाबाहेर.

चांगल्या सामग्रीचा तुटवडा होता, अभाव नव्हता. भौतिकशास्त्राचे नोबेल २००१ मध्ये मिळवणारे कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात ‘फेट’ हा उपक्रम सुरू केला. त्यातील कितीतरी आभासी प्रयोग मराठीत भाषांतरित झाले आहेत, मोबाइलच्या ब्राउझरमध्ये चालतात आणि उतरवून घेतल्यावर नेटशिवायही वापरता येतात. दोलकाच्या प्रयोगात लांबी, वस्तुमान, अगदी गुरुत्वाकर्षणसुद्धा बदलता येते; चंद्रावर आणि गुरूवर दोलक कसा झुलेल हे काही क्षणांत पाहता येते. तराजूच्या आणि अणूच्या प्रयोगांना जोडून छोटे खेळही आहेत. मात्र पडद्यावरचा दोलक नेहमी स्वच्छ झुलतो. होशंगाबादच्या चार गटांची चार वेगळी मापे इथे येत नाहीत, आणि मोजमापातली चूक, सरासरी, शंका हा शास्त्रीय विचाराचा अर्धा भाग सुटून जातो. यावरचा उपायही फोनमध्येच आहे. जर्मनीतील आखेन विद्यापीठाने २०१६ मध्ये ‘फायफॉक्स’ हे अ‍ॅप दिले. ते फोनमधील त्वरणमापक आणि मायक्रोफोन यांना मोजण्याची साधने बनवते. फोन स्वतःच दोरीला बांधून झुलवला की खरखरीत, अडखळते, खरे आकडे हाती येतात.

खेळांचा प्रत्यक्ष उपयोग किती, याचा अंदाज २०१६ मध्ये डग्लस क्लार्क आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करून घेतला. खेळातून शिकणारे विद्यार्थी इतरांपेक्षा सरासरीने पुढे होते. पण खेळ आहे की नाही यापेक्षा त्याची रचना कशी आहे हे अधिक महत्त्वाचे ठरले. कॉन्स्टन्स स्टाइनक्यूलर आणि शॉन डंकन यांच्या २००८ च्या अभ्यासात खेळाडूंचे पुराव्यानिशी वाद घालणे दिसले, ते मुख्यतः खेळाविषयी आपापसात बोलताना. एका फोनभोवती चार-पाच मुले ही खेड्यातली अडचण म्हणूनच उलट उपयोगी पडते. ‘प्रथम’ संस्थेने २०१५ पासून महाराष्ट्र, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातील गावांत टॅबलेट दिले, तेही गटागटांना.

समाजाची भीती मात्र मोबाइलच्या वेगळ्याच वापराविषयी होती. ऑगस्ट २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास मोबाइल आणि टीव्ही बंद ठेवण्याचा ठराव केला, पुस्तके उघडण्यासाठी. २०२४ च्या ‘असर’ अहवालाने ही भीती निराधार नसल्याचे दाखवले: १४ ते १६ वयोगटातील ८२.२ टक्के ग्रामीण मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांच्यापैकी आदल्या आठवड्यात ५७ टक्क्यांनी तो अभ्यासाच्या कामासाठी वापरला होता आणि ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा केला. त्याने पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी घातली, आणि ई-स्पोर्ट्स व शैक्षणिक खेळांसह सामाजिक स्वरूपाचे खेळ यांना वेगळे काढून प्रोत्साहनाची तरतूद ठेवली. शैक्षणिक खेळांमध्ये पाठांतर तपासणारे कोणते आणि प्रयोग करायला लावणारे कोणते, हा निवाडा कायद्याच्या कक्षेत येत नाही. तो पाठ्यक्रम आखणारी राज्य परिषद आणि वर्गातला शिक्षक यांच्याकडेच राहिला आहे.